सुट्टीत मुलांची पुस्तकं स्वतः वाचायचीत (पाचवी ते सातवी), कुठून सुरुवात करू?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे, पाचवी ते सातवीला मराठी शिकवते. एक मेला निकाल वाटले, दोन तारखेपासून सुट्टी लागली आणि या सुट्टीत मला एकच काम करायचंय, मुलांची पुस्तकं आपण स्वतः बसून वाचायची. कारण सांगते म्हणजे तुम्हाला सुचवायला सोपं जाईल.

आमच्या गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळी झाली की निघायचं ते कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं, की परत यायचं, म्हणजे मार्च-एप्रिल उजाडतो. काही लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीपाशी, आणि काही आईबापासोबत उसाच्या फडावर जातात, तिथे पाचटाच्या कोपीत राहतात, धाकटी भावंडं सांभाळतात. सहावीतली एक मुलगी अशीच पाडव्यानंतर परत आली. मी कपाटातलं एक पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. ती म्हणाली, बाई यात काय आहे? मी मागचं कव्हर बघितलं आणि म्हटलं, छान आहे, वाच. दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाली, "बाई, तुम्ही वाचलेलं नव्हतं ना." रागाने नाही म्हणाली, सहज म्हणाली, पण तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर साठा नोंदवही घेऊन बसले. कपाटात १८४ पुस्तकं आहेत, त्यातली मी पूर्ण वाचलेली फक्त नऊ, आणि त्यातली पण पाच माझ्या लहानपणी वाचलेली. अकरा वर्षं झाली नोकरीला. रोज परिपाठात मुलांना वाचा वाचा सांगते.

तर मला सांगा कुठून सुरुवात करू. शंभर पुस्तकांची यादी प्लीज देऊ नका, तशा याद्या व्हॉट्सअॅपवर खूप येतात. तुम्ही स्वतः वाचलेलं आणि एखाद्या मुलाच्या हातात दिलेलं एखाददुसरं सांगा, आणि देऊन काय झालं ते सांगा. आणि वाचायचं कसं ते पण, कारण मला सवय आहे ती धडा वाचून खाली प्रश्न काढायची, ती सवय मला इथे नकोय.

शिंपलीवाला

बाई, तुमचा प्रश्न वाचला आणि बरं वाटलं. मी रत्नागिरी जिल्ह्यात ३३ वर्षं प्राथमिक शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. मी म्हणेन की "श्यामची आई"पासूनच सुरुवात करा आणि कंटाळवाणी सूचना आहे असं समजू नका. आपण सगळ्यांनी ते पुस्तक शाळेत असताना वाचलेलं असतं, नाहीतर अत्र्यांचा १९५३ चा सिनेमा बघून रडलेलो असतो, आणि तेवढ्यावर आयुष्यभर भागवतो. शिक्षक झाल्यावर ते परत उघडलेले फार थोडे.

एक हिशोब सांगतो. पुस्तकात ४२ रात्री आहेत. २ मेपासून रोज एक धरली तर १२ जूनला संपतं, म्हणजे तुमची सुट्टी आणि हे पुस्तक जवळजवळ बरोबरीने संपतात. साने गुरुजींनी ते १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, पाच दिवसांत, आणि पुस्तक आलं १९३५ मध्ये. श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्री गोष्ट सांगतो अशी त्याची बांधणी आहे, म्हणून ते मनात वाचलं तर निम्मंच कळतं, मोठ्याने वाचलं की ती बोलण्याची लय कानाला लागते. घरात कोणी ऐकायला नसलं तरी मोठ्यानेच वाचा.

मुलांपुढे मात्र सगळं वाचू नका, ते मी चुकून करून बसलो होतो आणि वर्गातली दोन मुलं ज्यांची आई नव्हती ती उठून बाहेर गेली. मला ते आधी लक्षात यायला हवं होतं. त्यानंतर मी "पत्रावळ" आणि "श्यामचे पोहणे" एवढ्या दोनच वाचत असे. पोहायच्या गोष्टीत तो माळ्यावर लपून बसतो आणि आई शिंपटी घेऊन येते तिथे आमच्या खाडीकाठच्या पोरांचे डोळे असे व्हायचे की विचारू नका, कारण प्रत्येकाला कोणी ना कोणी असंच विहिरीत ढकललेलं. पत्रावळीच्या वेळी एका वर्षी पोरं दुसऱ्या दिवशी पानं घेऊन आली, मला येत नव्हती लावता, एका मुलीच्या आजीला बोलावलं.

भरदुपार

मी पुण्यात एका छोट्या बालवाचनालयात काम करते, शनिवार-रविवार, गेली आठ वर्षं. मुलं पुस्तक कशी उचलतात आणि कशी परत ठेवतात तेवढंच माझं निरीक्षण आहे म्हणा.

दहा ते तेरा या वयाला आपल्याकडे खरी अडचण आहे. लहान मुलांसाठी आता सुंदर पुस्तकं आहेत, माधुरी पुरंदऱ्यांचं "राधाचं घर" किंवा "यश" घ्या, घराघरातली बोलली जाणारी मराठी आणि चित्रं पण त्यांचीच, मुलं पानं सोडत नाहीत. मोठ्यांसाठी तर सगळंच आहे. पण मधे जे वय आहे, ज्याला चित्रांचं पुस्तक दिलं की अपमान वाटतो आणि मोठी कादंबरी दिली की पंचवीस पानांत दम लागतो, त्या वयाची मुलं आमच्याकडे येऊन रॅकसमोर नुसती उभी राहतात. म्हणून तुम्ही नेमकं तेच वय घेतलंय याचा मला आनंद झाला.

माझं हुकमी पुस्तक अजूनही फास्टर फेणे, म्हणजे फाफे. भा. रा. भागवतांनी बनेश फेणेला फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेत आणलं, आणि खेड्यातून आलेला काटकुळा मुलगा हीच त्याची ताकद आहे हे मला मोठेपणी वाचताना कळलं. लहानपणी मला फक्त सायकल आणि त्याचं तोंडाने ट्टॉक् करणं आठवत होतं. राम वाईरकरांची चित्रं असलेली प्रत मिळाली तर तीच घ्या. जुनी भाषा आहे, काही शब्द मुलांना अडतात, पण गोष्ट एवढी पळते की ती अडून बसत नाहीत. आणि तुमच्या मुलांना दुसऱ्या गावी जाऊन राहणं म्हणजे काय ते पुण्याच्या मुलांपेक्षा जास्त माहितीये.

ज्याला फाफे संपला त्याला मी फेलुदा देते, सत्यजित रायांच्या गोष्टी, अशोक जैन यांनी मराठीत आणल्यात, रोहन प्रकाशन. गोष्ट सांगणारा तोपशे म्हणजे फेलुदाचा लहान चुलतभाऊ, त्यामुळे मुलाला आत शिरायला दार मिळतं. आमच्याकडे एक मुलगा होता, आठ महिने फक्त क्रिकेटची मासिकं चाळायचा, तो फेलुदाचे सगळे भाग नेऊन संपवून आला आणि मला विचारायला लागला की कोलकात्याला जायला किती तास लागतात.

आणि तुमच्यासाठी, फक्त तुमच्यासाठी, प्रकाश नारायण संतांचं "वनवास". लंपन आजी-आजोबांकडे राहतो, बेळगावकडची कानडी हेलाची मराठी, आणि त्याच्या डोक्यात जे चाललेलं असतं ते एवढं खरं आहे की वाचून झाल्यावर वर्गातला प्रत्येक गप्प मुलगा वेगळा दिसायला लागतो. सहावीच्या मुलांना सरसकट देऊ नका. लहान मुलावर आहे म्हणून ते लहान मुलांसाठी आहे असं होत नाही, आमच्याकडे आईवडील ही चूक नेहमी करतात. संत स्वतः कराडला भूगर्भशास्त्र शिकवायचे, कवयित्री इंदिरा संतांचे चिरंजीव, आणि लंपनची चार पुस्तकं त्यांनी बरीच उशिरा लिहिली.

सुट्टीम्हणजेसुट्टी

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका ताई. मी पण शिक्षकच आहे, जालना जिल्हा. आपल्याला वर्षभर किती कामं लावतात ते तुम्हाला माहितीये, ऑनलाइन माहिती भरा, सर्वेक्षण करा, निवडणूक आली की बीएलओ होऊन मतदारयाद्या बघा, सुट्टीतसुद्धा प्रशिक्षण लागतं. मग जे पंधरा-वीस दिवस खरे हातात येतात त्यात पण शाळेसाठीच वाचायचं का? मी म्हणतो तुम्हाला जे आवडेल ते वाचा, कादंबरी वाचा, काहीच वाचू नका, झोपा. मुलांची पुस्तकं कर्तव्य म्हणून वाचली तर ती पण त्या माहितीसारखी भरून टाकायची गोष्ट होईल. मुलांना लगेच कळतं बाईंना हे मनापासून आवडलंय की नाही. तुम्ही स्वतःच लिहिलंय की त्या मुलीला एका दिवसात कळलं.

पाटीपेन्सिल

सर, राग कसला, तुमचं बरोबर आहे आणि दमायला मलाही होतं. पण खरं सांगू का, मला हे काम वाटत नाहीये. परवा माहेरी आल्यावर भावाच्या मुलीचं "पियूची वही" दिसलं, संगीता बर्वेंचं, २०२२ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आहे त्याला. दुपारी आडवं पडून वाचायला घेतलं ते चहा करायचा राहिला. किती वर्षांनी असं झालं. मोठ्यांचं वाचताना माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे असतं. तेव्हा झोपेन पण आणि वाचेन पण.

शिंपलीवाला सर, त्या दोन मुलांचं लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या वर्गातसुद्धा एक आहे. आणि सर ४२ चा हिशोब मी आईला सांगितला तर ती म्हणाली मग रोज रात्री मलाच वाचून दाखव, काल तिसरी रात्र झाली.

रविवारचीशाळा

मी न्यू जर्सीत राहते, इथल्या मराठी शाळेत रविवारी शिकवते, सगळे स्वयंसेवक. तुमच्या आणि आमच्या मुलांत जमीन-अस्मानाचा फरक आहे हे मला माहितीये, पण एक अडचण सारखी वाटली म्हणून लिहिते आहे. आमच्याकडे अकरा-बारा वर्षांची मुलं आहेत, इंग्रजीत जाड जाड पुस्तकं वाचतात, आणि मराठी वाचायला बसली की दुसरीच्या मुलासारखी अक्षर अक्षर लावतात. डोकं बाराव्या वर्षाचं आणि वाचन सातव्या वर्षाचं. त्यांना ससा-कासव दिलं की मान खाली घालतात. तुमची ती मुलगी दरवर्षी पाच महिने वर्गात नसेल तर तिचं पण असं होत असेल का, समज सगळी आहे, संसार सांभाळते, पण डोळे अजून ओळीवर पळत नाहीत.

आम्हाला उपयोग झाला तो प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरचा. २०१५ पासून आहे, मोफत, मराठीत भरपूर गोष्टी आहेत, पुस्तकांना १ ते ४ अशा पातळ्या दिलेल्या असतात, डाउनलोड करून छापता पण येतात. पण पातळी बघून द्यायचं नाही, हे मी शिकले. मी दोन महिने रोज रात्री तिथल्या गोष्टी वाचल्या आणि वेगळ्या काढून ठेवल्या त्या दुसऱ्या पातळीच्या पण विषय मोठ्या मुलाला चालेल अशा, म्हणजे समुद्राखालचे प्राणी, कोणीतरी काहीतरी बनवतंय, कोणीतरी हरवलंय. वाक्यं छोटी पण गोष्ट बाळबोध नको. अशा साठेक निघाल्या. हे काम कोणतीही यादी तुम्हाला करून देणार नाही, कारण यादी करणाऱ्याला तुमची मुलं माहीत नसतात.

दुसरं म्हणजे माधुरीताईंचंच "चित्रवाचन". नुसती चित्रं, बघायचं आणि बोलायचं. ज्याला वाचता येत नाही त्याला पण सगळ्यात जास्त बोलायला मिळतं. माझ्या वर्गातला सगळ्यात गप्प मुलगा त्या चित्रांवर बोलायला लागला आणि थांबेचना.

डोंगरवाट_गुर्जी

बाई मी सांगली जिल्ह्यातला, दुष्काळी पट्टा, झेडपीचाच. सात-आठ उन्हाळे झाले मी हे करतोय म्हणून कसं वाचायचं त्यावर लिहितो, थोडं लांबेल.

पुस्तक वाचून झालं की मी एक वही घेतो आणि त्यात पुस्तकाचं नाव, आणि पुढे एका मुलाचं नाव. बास. कथासार लिहीत नाही, बोध लिहीत नाही. हे कुणाला द्यायचं तेवढंच. कधी नाव सुचत नाही, मग ती जागा मोकळी सोडतो, आणि ऑगस्टमध्ये एखादं पोरगं काहीतरी बोलतं आणि मला ती मोकळी जागा आठवते. "एक होता कार्व्हर"पुढे दोन वर्षं नाव नव्हतं. भुईमुगावर काम केलेल्या अमेरिकन शास्त्रज्ञाचं वीणा गवाणकरांनी लिहिलेलं ते चरित्र १९८१ पासून लोक वाचतायत, पण पाठांतराच्या भाषणात वापरून वापरून पोरांना त्याचा वीट आलेला. मग एक सातवीतला पोरगा आला, शाळेच्या मागं टाकलेल्या डब्यांमधे रोपं लावायचा, कुणी सांगितलं नव्हतं. त्याला दिलं. काही विचारलं नाही मी. तीन आठवड्यांनी त्यानं भुईमुगाच्या शेंगा आणून टेबलावर ठेवल्या.

पेन्सिल जवळ ठेवा. मोठ्यानं वाचून दाखवायचं असेल तर थांबायची जागा आधी ठरवायला लागते, धडा संपला तिथं थांबलं की पोरं उठून जातात, दारावर थाप पडली तिथं थांबलं की दुसऱ्या दिवशी वेळेच्या आधी येऊन बसतात. आणि जिथं वर्णन लांबतं तिथं पण बारीक खूण करतो, तिथं दोन ओळी गाळायच्या किंवा आवाज बदलायचा. हे वर्गात उभं राहून जमत नाही, उन्हाळ्यातच करायला लागतं.

आता भाषेचं. पोरं पहिल्या पानावर पुस्तकातली भाषा ऐकून म्हणतात हे आपलं नाही. मी आधी परभणीकडच्या इंद्रजीत भालेरावांच्या कविता घेतो, "गावाकडं चल माझ्या दोस्ता", तुमच्याच मराठवाड्यातले आहेत, शेतातले शब्द जसेच्या तसे. एकदा पोरांना पटलं की आपले शब्द पण छापतात, की मग ती पुण्याची भाषा पण मन लावून ऐकतात. सलीम मुल्लांचं "जंगल खजिन्याचा शोध" पण बघा, ते वनखात्यात काम करणारे, त्यामुळे जंगल बघून लिहिलेलं आहे, २०१९ चा बालसाहित्य पुरस्कार त्यालाच मिळाला.

मिळवायचं कुठून म्हणाल तर "किशोर"पासून सुरू करा. बालभारती १९७१ पासून काढते, जुने अंक त्यांच्या साइटवर मोफत आहेत, एका अंकात एका संध्याकाळीपुरता मजकूर मिळतो. अरविंद गुप्तांच्या साइटवर मराठी पुस्तकांच्या पीडीएफ आहेत. आणि कधी साताऱ्याकडं आलात तर पाचगणीजवळ भिलार आहे, २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव, घराघरात पुस्तकं ठेवलीयत आणि कुणीही जाऊन बसून वाचावं. मी दोन दिवस राहून वाचली, पोरांना नेणं परवडत नाही पण आपण जाऊ शकतो.

शेवटचं एक. "तोत्तोचान" वाचलं नसेल तर वाचा, चेतना सरदेशमुख गोसावींचा अनुवाद आहे. आगगाडीच्या डब्यातली शाळा, आणि पहिल्या दिवशी मुख्याध्यापक त्या पोरीचं बोलणं तासन् तास ऐकत बसतात. मी ते वाचलं आणि माझ्या लक्षात आलं की मी एका पोराचं पाच मिनिटं सलग कधी ऐकलेलं नाही. ऊसतोडीला जाऊन आलेल्या त्या पोरीला पुस्तक द्यायच्या आधी फडावर काय काय बघितलं ते विचारा, आणि सांगेल ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या. मी धनगरांच्या पोरांसोबत केलं, त्या वह्यांना कव्हरं घातली आणि कपाटात बाकीच्या पुस्तकांच्या रांगेत ठेवली. सगळ्यात जास्त त्याच बाहेर जातात.

पाटीपेन्सिल

आज १४ जून. उद्या शाळा उघडतेय म्हणून लिहिते.

बावीस पुस्तकं झाली. त्यात सात-आठ पातळ आहेत, पण झाली. "श्यामची आई" बरोब्बर परवा संपलं, आईने शेवटच्या चार रात्री दिवा बारीक करायला लावला. डोंगरवाट गुर्जींनी सांगितलेली वही केली, बावीसपैकी तेरांपुढे नावं आहेत. भरदुपार, "वनवास"वर काही लिहिता येणार नाही मला, एवढंच सांगते की एका मुलाची माफी मागायचीये. रविवारचीशाळा ताई, तुमचा अंदाज बरोबर निघाला, त्या मुलीचं अगदी तसंच आहे, तुम्ही म्हणता तशा एकोणीस गोष्टी काढून छापून घेतल्या, तालुक्याला झेरॉक्सवाल्याने पाठपोट करून दिल्या.

आणि एक ठरवलेलं नव्हतं ते झालं. ऊसतोडीला गेलेली सगळी घरं उन्हाळ्यात गावातच असतात आणि नेमकी तेव्हाच शाळा बंद असते, हे इतकी वर्षं डोळ्यासमोर असून सुचलं नव्हतं. वीस मेला आईला घेऊन माहेरून परत आले आणि मारुतीच्या पारावर संध्याकाळी सात वाजता फास्टर फेणे वाचायला बसले. पहिल्या दिवशी चार लेकरं होती, त्यातली दोन माझ्या वर्गातली नव्हती. थांबायच्या जागा आधी ठरवून गेले होते. आठव्या दिवशी सत्तावीस झाली, दोन आया पण भाकरी उरकून येऊन मागे बसल्या. लाइट गेली की कोणीतरी मोबाइलची बॅटरी धरतं.

ती मुलगी रोज यायची. तिला फडावरचं विचारलं, तीन संध्याकाळी सांगत होती, उसाच्या वाढ्याची मोळी डोक्यावर घेऊन पहाटे अंधारात चालताना ट्रकच्या दिव्यात सगळ्यांच्या सावल्या एकदम कशा लांब होतात ते तिने सांगितलं, तिच्या शब्दांत उतरवून घेतलंय, कव्हर अजून घालायचंय. काल तिला घेऊन शाळा उघडली, कपाट झाडायला. म्हटलं तुला कोणतं हवंय ते घे, मी वाचलेली इकडच्या खणात आहेत. तिने दोन्ही खण बघितले आणि न वाचलेल्या खणातलं एक काढलं. म्हणाली, "हे मी आधी वाचते बाई, मग तुम्हाला सांगते कसं आहे."